नियम आधी, यंत्र नंतर

संगणकाच्या पडद्यावर नेचे उलगडताना किंवा झाडाला फांद्या फुटताना दिसल्या की त्याचे श्रेय आपसूक यंत्राच्या पदरात पडते. इतिहास मात्र ते नियमाला देतो. मूळचे हंगेरीचे वनस्पतिशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ साली पेशींची वाढ अक्षरांत मांडली. दोऱ्यासारख्या शेवाळातल्या एका प्रकारच्या पेशीला ‘अ’ म्हणा, दुसऱ्या प्रकारच्या पेशीला ‘ब’. नियम दोनच: ‘अ’च्या जागी ‘अब’ येते, ‘ब’च्या जागी ‘अ’. मग ‘अ’चे ‘अब’ होते, त्याचे ‘अबअ’, त्याचे ‘अबअअब’. लांबी १, २, ३, ५, पुढे ८. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या व्याकरणात, म्हणजे चिन्हे बदलण्याच्या नियमांत, एका वेळी एकच चिन्ह बदलते, इथे सगळी एकदम, कारण शेजारणीचे विभाजन होईपर्यंत पेशी थांबून राहत नाही. या सगळ्याला कागद-पेन्सिल पुरते.

कागदाचीही गरज नाही, हे तमिळ घरांच्या उंबऱ्यापुढचे कोलम दाखवते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ बहुधा ठिपके जोडते. कोलमच्या एका प्रकारात ती ठिपक्यांना वळसे घालत सुटलेल्या जागी परत येते. मद्रासमध्ये गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमची व्याकरणे प्रसिद्ध केली. ‘कृष्णाचे पैंजण’ या कोलममध्ये आधीच्या आकृतीच्या चार प्रती जोडून पुढची आकृती होते, आणि लिंडेनमायर यांच्या पद्धतीने तो नियम एका ओळीत मावतो.

यावर कुणी म्हणेल, की ही पश्चातबुद्धी आहे. पीठ सोडणाऱ्या बाईच्या डोक्यात व्याकरण कुठे होते? व्याकरण नसेल, पण रीत होती. चित्र नुसते पाठ केले तर तेवढेच काढता येते. अंगण मोठे असेल तर तेच कोलम वाढवायला वाढवण्याची कृती ठाऊक असावी लागते. लिंडेनमायर यांनी कल्पना कोलमवरून घेतली, असा मात्र दावा नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरे झाड ऊन, वारा, शेजार यांना जुमानत वाढते, आंधळ्या नियमाने नव्हे. पण लिंडेनमायर यांच्या पहिल्याच निबंधांत पेशीला शेजारच्या पेशीकडून संदेश मिळतो, आधी एका बाजूने, मग दोन्हींकडून, आणि तिची पुढची अवस्था त्यावर ठरते. शेजार नियमातच होता. उन्हावाऱ्याची भर नंतरच्या अभ्यासकांनी घातली.