बिरसी : वैमानिक घडविणारी धावपट्टी

प्रतापगडची महाशिवरात्र यात्रा, धानाची शेती आणि नवेगावबांधचा जलाशय यांसाठी परिचित असलेल्या गोंदिया जिल्ह्याला बिरसीच्या धावपट्टीने निराळी ओळख दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी ती बांधली. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून येथे ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ उभी राहिली.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे, वैद्यकीय चाचणीत पात्र ठरणे आणि किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे प्रशिक्षणार्थीच्याच हाती असावी लागतात. हवाई नियम, हवामानशास्त्र व दिशादर्शन यांच्या लेखी परीक्षा वेगळ्या. प्रारंभी प्रशिक्षक शेजारी असतो. पुरेशी तयारी झाल्यावरच एकट्याने उड्डाणाची अनुमती मिळते. पावसाळी ढग व धुके यांमुळे उड्डाणे खोळंबतात आणि अभ्यासक्रम लांबतो.

या शिक्षणात जोखीमही आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात कोसळले. त्यात प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी या दोघांचाही मृत्यू झाला. परवान्यासाठी मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक तासाचे मोल अशा घटनांतून कळते.