त्सुनामीनंतर नुकसान कोणाचे मोजले गेले?

१/ २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत मच्छीमार वस्त्यांतील लोक फार होते. देशोदेशींहून मदत आली, पण ती सर्वांपर्यंत सारखी पोहोचली नाही. असे का झाले?

२/ नुकसान मोजायला होडी सोयीची असते. तिला मालक असतो, किंमत असते. खलाशाला मात्र पगार नसतो, पकडलेल्या मासळीत वाटा असतो. होडी फुटली की त्याचा वाटाही जातो. पण भरपाईच्या यादीत नाव मालकाचे लागते.

३/ मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या स्त्रियांचे भांडवल म्हणजे टोपली, भांडी, थोडे उसने पैसे आणि बांधलेली गिऱ्हाइके. पंचनाम्यात त्यासाठी रकाना कुठला?

४/ उलट, दात्यांनी इतक्या होड्या वाटल्या की काही गावांत त्या पूर्वीपेक्षा अधिक झाल्या. समुद्रातले मासे काही वाढले नव्हते.

५/ अनेक गावांच्या पारंपरिक पंचायतींनी आलेली मदत एकत्र करून घरटी वाटली. बिनहोडीच्या कुटुंबांना त्याचा आधार झाला. तरी त्याच किनाऱ्यावर राबणारे दलित मजूर बहुधा त्या वाटणीबाहेर राहिले. न्यायाची सीमा जातीपाशी थांबली.

६/ जून २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने लघुमच्छीमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मासेमारीच्या आधीचे व नंतरचे काम, म्हणजेच स्त्रियांचे श्रमही, त्यांत धरले आहेत. आपत्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ही तत्त्वे चेन्नईच्या चंद्रिका शर्मा यांना अर्पण केलेली आहेत. त्यांच्यासाठी झटणाऱ्या शर्मा त्याच वर्षी मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात होत्या.

७/ महाराष्ट्रातही या विचाराची खूण दिसते. २०१९ च्या क्यार व महा चक्रीवादळांनंतर राज्य शासनाने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मदतीत होडीमालकांबरोबर रापणकार आणि लहान मासळीविक्रेतेही होते. विक्रेत्यांना शीतपेट्यांसाठी साहाय्य देण्याचे ठरले.

८/ मात्र २०१४ ची तत्त्वे ऐच्छिक आहेत. खलाशी, विक्रेत्या आणि मजूर यांची नावे वादळापूर्वीच नोंदवलेली नसतील, तर पुढच्या वेळीही भरपाई होडीचीच होईल.