भांग, गांजा आणि १८९३ची चौकशी

भांगेच्या झाडापासून मिळणाऱ्या मादक पदार्थांचे भारतात परंपरेने तीन प्रकार मानले जातात : वाटून प्यायची पाने ती भांग, मादी झाडाचे वाळवलेले फुलोरे तो गांजा आणि झाडाची राळ ती चरस. महाशिवरात्रीची भांग आणि बैराग्यांच्या चिलमीतला गांजा यांना धर्माचाराचा आधार होता, तर आयुर्वेदाने हीच वनस्पती 'विजया' या नावाने औषधांत गणली होती. ब्रिटिश अमदानीत बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर या भागांत गांजाची शेती होत असे व त्याची विक्री अबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर, भरून परवान्याने चाले.

या उत्पन्नाला इंग्लंडमधील मद्यपानविरोधी सुधारकांनी हरकत घेतल्यावर १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा आयोग नेमण्यात आला आणि त्याने सुमारे बाराशे साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. गांजाने वेड लागते या समजाचा मुख्य आधार वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या हा होता. परंतु त्यांतील वेडाचे कारण बहुधा रोग्याला आणणाऱ्या पोलिसांच्या कागदावरून उतरवलेले असे, हे आयोगाच्या ध्यानात आले. १८९२ या वर्षातील अशा २२२ रोग्यांचा मागोवा घेतल्यावर केवळ ९८ जणांच्या बाबतीत हे कारण ग्राह्य ठरले. बेताचे सेवन सहसा अपायकारक नसते, अतिरेक मात्र घातक असतो, म्हणून बंदीऐवजी कर व परवाना यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष १८९४ साली निघाला. सरकारचे उत्पन्न या धोरणात गुंतलेले होते हे विसरता येत नाही. तरीही पुरावा मुळापर्यंत जाऊन तपासण्याची आयोगाची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

पुढे १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात 'कॅनॅबिस'ची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली गेली व फुलोऱ्याविना असलेली पाने तिच्याबाहेर राहिली. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हीच रेषा स्वीकारल्यामुळे गांजा व चरस यांवर देशभर कडक बंदी आली, भांगेचे नियमन मात्र राज्यांकडे राहिले आणि काही राज्यांत तिची परवानाधारक दुकाने आजही चालतात. डिसेंबर २०२०मध्ये कॅनॅबिसला अत्यंत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात भारताने मत दिले, परंतु देशातील कायदा बदलला नाही.

त्यामुळे कायदेशीर मान्यतेची आजची मागणी केवळ परदेशी अनुकरण म्हणून बाजूला सारणे इतिहासाला धरून नाही, आणि परंपरेचा दाखला देऊन व्यसनाची हानी झाकणे हेही तितकेच चूक आहे. कोणत्या सेवनाने कोणाला किती अपाय होतो याची नव्याने, निःपक्षपाती चौकशी होणे, हीच या प्रश्नावरील कोणत्याही न्याय्य निर्णयाची पहिली अट आहे.