छतावरची दाल मखनी

सकाळी 11.00. उरले 8 तास 40 मिनिटं
लग्नाचा पहिला वाढदिवस. ती बँकेत, शनिवार असूनही कामाचा. तो घरी. दोघांनी बाहेर जेवायचं तर साध्या हॉटेलातही दीड-दोन हजारांना मरण नाही, म्हणून बेत घरीच ठरतो आणि खर्चाची मर्यादाही: पाचशेची एक नोट. मेनू मात्र हॉटेलाचाच. टोमॅटो सूप, तव्यावरचं पनीर, दाल मखनी, जीरा राइस, शेवयांची खीर. पदार्थ पाच, शेगडीला बर्नर दोन. रुपयांचा हिशेब कागदावर होतो. बर्नरचा कोणी करत नाही.

दुपारी 12.15. उरले 7 तास 25 मिनिटं
पहिली काटकसर. 200 ग्रॅम पनीरचं पाकीट 95 रुपयांना, म्हशीचं लिटरभर दूध 72 रुपयांना. लिटरभर दुधातून साधारण तेवढंच पनीर निघतं, म्हणजे 23 रुपयांची बचत. दूध फाडायला लिंबं लागली, त्यांचे 10 गेले. राहिले 13. त्यासाठी एक बर्नर पाऊण तास अडला आणि दूध उतू जाऊन तो पुसण्यात आणखी वेळ गेला.

पनीर मात्र झकास जमलं. तापलेल्या दुधात आंबट पडताच केसिन नावाचं प्रथिन गोळा होतं, हिरवट पिवळं पाणी वेगळं होतं. गोळा फडक्यात बांधून वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

दुपारी 1.30. उरले 6 तास 10 मिनिटं
दुसरी काटकसर, आणि सगळ्याचं मूळ हीच. पनीरचं पाणी पौष्टिक असतं, टाकू नये, कणीक मळायला वापरावं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते खरंच आहे. पण आज पोळ्या नव्हत्या. होती डाळ. तांब्याभर पाणी झाकून ठेवलं गेलं.

अख्खे उडीद रात्रीच भिजत घालायला हवे होते, हे याच वेळी लक्षात आलं. ते गरम पाण्यात टाकले. आठ तासांचं काम दीड तासात उरकायचं ठरलं.

दुपारी 3.00. उरले 4 तास 40 मिनिटं
तीन लिटरचा कुकर चढला. उडीद, हळद, मीठ आणि साध्या पाण्याऐवजी पनीरचं पाणी. आठ शिट्ट्या.

दुपारी 3.50. उरले 3 तास 50 मिनिटं
झाकण उघडलं. दाणा दोन बोटांत धरून दाबला तर निसटून ओट्यावर टणकन पडला. पुन्हा आठ शिट्ट्या. दाणा तसाच, फक्त आता गरम.

यात उडदाचा दोष नाही. डाळीचं साल आणि आतल्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. साध्या उकळत्या पाण्यात ते सुटत जातं, आंबट पाण्यात अडून बसतं. आपल्याकडे चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालतात आणि दाल मखनीत टोमॅटो मागाहून पडतो, तो याचसाठी. जिच्या जन्माच्या श्रेयावरून मोती महल आणि दर्यागंज ही दोन हॉटेलं 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात भांडली, ती दाल मखनी इथे लिंबाच्या पाण्यात न्याय मागत होती.

संध्याकाळी 5.30. उरले 2 तास 10 मिनिटं
एक बर्नर कुकरने बळकावलेला. दुसऱ्यावर सूप, मग खीर, मग भात, अशी रांग. सूप झालं तोवर खीर राहिली, खीर होईतो सूप निवलं. पनीर कापून दही-मसाल्यात मुरत पडलं. तो एकटाच होता आणि प्रत्येक पातेल्याला आत्ताच हवा होता.

संध्याकाळी 6.40. उरला 1 तास
आईचा फोन.
“काय रे, झालं का सगळं?”
“अगं, उडीदच शिजत नाहीयेत.”
“मग चिमूटभर सोडा टाक की. लोण्यासारखे होतील.”
सल्ला सोळा आणे खरा. डाळ कशात शिजतेय हे आईने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

चिमूट पुरणार नाही असं वाटून त्याने चमचाभर टाकला. आंबट पाण्यात सोडा पडताच फस्सकन फेस काठापर्यंत आला. फेस पुरता बसायच्या आत आणखी दोन वाट्या पाणी ओतून झाकण लावलं. डाळीसाठी कुकर अर्ध्यावर भरू नये, असं कुकरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. हा पाऊण भरला होता. पुस्तिका कपाटात, गॅसच्या पासबुकाखाली.

संध्याकाळी 7.10. उरली 30 मिनिटं
वातावरणनिर्मिती. दोन मेणबत्त्या, मोबाइलवर गझल, स्वयंपाकघरातली ट्यूब बंद. मेणबत्त्या फडफडतात म्हणून एक्झॉस्ट फॅनही बंद. गॅस मात्र मोठा.

संध्याकाळी 7.32. उरली 8 मिनिटं
बेल वाजली. ती आली, टेबल बघून दारातच थांबली. “अय्या, हे सगळं तू केलंस?” इथे त्याची दिवसभराची मेहनत फळाला आली. सूप पुन्हा गरम करायचं राहिलं होतं, तिने कोमटच पिऊन छान म्हटलं.

संध्याकाळी 7.38. उरली 2 मिनिटं
चमचा वाटीत ठेवून ती म्हणाली, “अरे, कुकर लावलायस ना? मी आल्यापासून एकदाही शिट्टी झाली नाही.”
फेसाबरोबर वर आलेली उडदाची सालं शिट्टीच्या नळीत जाऊन बसली होती. वाफेला वाट नव्हती. शिट्टी वाजली तर गझलेतूनही ऐकू येते. न वाजलेली फक्त तिलाच ऐकू आली.

संध्याकाळी 7.40
सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कुकरच्या आत एरवी 120 अंशांच्या आसपास तापमान असतं. दाब आणि उष्णता त्यापलीकडे गेली की व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळून वाफेला वाट देतो. त्याने कर्तव्य बजावलं. वाफेबरोबर डाळ निघाली आणि छत, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मुरवत ठेवलेलं पनीर सगळीकडे समान वाटली गेली. दोघं बाहेरच्या खोलीत होते, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते.

रात्री 9.00
गॅस बंद, कुकर निववून उतरवला, ओटा पुसला. जेवण: जीरा राइस, दही, खीर. खर्च 460 रुपये, म्हणजे पाचशेच्या आतच. नवा व्हॉल्व्ह आणि छताचा रंग वेगळा. खिसा पुरला, बर्नर आणि हात पुरले नाहीत. दोघांच्या स्वस्त जेवणात काटकसर करायची ती पदार्थांच्या संख्येत. एक पदार्थ राबून करावा, एक आपोआप शिजणारा असावा, बाकी पाकिटातलं खुशाल आणावं.

रात्री 9.45
आईचा पुन्हा फोन. “काय रे, झाले का उडीद मऊ?”
स्टुलावर उभ्या बायकोने छतावरचा एक दाणा बोटाने चिरडून बघितला आणि मान डोलावली.
“झाले गं,” तो म्हणाला. “अगदी लोण्यासारखे.”