लाकूडतोड व ओढणी : चंद्रपूर–गडचिरोलीची सागवने

लाकूडतोड व ओढणी : उभे झाड पाडणे, त्याच्या फांद्या उतरवणे, खोडाचे ओंडके करणे आणि ते खुंटापासून वाहन पोचेल अशा जागी आणणे, या एकमेकांत गुंतलेल्या कामांची साखळी. हे काम जगभर चालते. येथे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील सागवनांपुरता विचार केला आहे. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांतला साग पिढ्यानपिढ्या नावाजलेला आहे आणि बल्लारशाचा लाकूड डेपो त्याच्या लिलावांसाठी देशभरच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच भागातून लाकूड गेले. या लाकडाच्या रंगाचे, रेषांचे आणि वाळवीला दाद न देण्याच्या गुणाचे वर्णन भरपूर झाले आहे. ते पाडणाऱ्या व ओढणाऱ्या माणसांच्या दिवसाबद्दल मात्र फार थोडे लिहिले गेले. त्या दिवसातली जोखीम झाडाच्या आकारातून किंवा जंगलाच्या दुर्गमतेतून येते असे सहसा मानले जाते. तसे ते अंशतः आहेही. पण या कामाचा मोठा धोका कामाच्या मोजणीतून येतो. कोणते झाड तोडायचे ते वनखात्याची कार्य आयोजना ठरवते, कधी तोडायचे ते पाऊस ठरवतो, कुठवर न्यायचे ते डेपो ठरवतो. मजुराच्या हाती ‘कसे’ एवढेच उरते, आणि घनमीटरवर मिळणारी मजुरी त्या ‘कसे’वरही घाई लादते.

झाडाची निवड मजुराकडे नसते, यामागे मोठा इतिहास आहे. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाल्यापासून जंगलाचे ‘कूप’ म्हणजे तोडीचे गट पाडून पाळीपाळीने तोड करण्याची पद्धत रुजत गेली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने लाकडाच्या तोडीवर व वाहतुकीवर सरकारचा अंमल पक्का केला. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर तर मान्य कार्य आयोजनेबाहेर एकही झाड पाडण्याची मुभा राहिली नाही. जंगलाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. तोडायच्या झाडावर छातीच्या उंचीला आणि बुंध्याशी असे दोन ठिकाणी क्रमांक घालून हातोड्याचा ठसा मारतात. झाड गेले तरी बुंध्याचा ठसा खुंटावर राहतो आणि हिशेब तपासता येतो. प्रत्येक ओंडक्यावर झाडाचा क्रमांक व ओंडक्याचा क्रमांक पडतो. ठसा नसलेला किंवा वाहतूक परवाना नसलेला माल म्हणजे गुन्हा. या व्यवस्थेचा भार अखेर अंगावर येतो तो तोडणाऱ्याच्याच. सागाला खुंटातून पुन्हा चांगले फुटवे येतात. म्हणून खुंट जमिनीलगत, वीतभराच्या आत ठेवायचा आणि त्यावर पाणी साचणार नाही असा उतरता तासायचा, असा नियम आहे. उद्याच्या जंगलासाठी तो आवश्यक आहे. पण कमरेच्या उंचीवर उभ्याने चालवता येणारी करवत त्यामुळे गुडघ्यावर बसून, पाठ वाकवून, जमिनीला समांतर चालवावी लागते. झाड कुरकुरू लागले की त्याच बैठकीतून उठून पळायचे असते. नियम झाडाचा विचार करून झाला आहे. त्या बैठकीत जाणारा वेळ आणि वाढणारा धोका मजुरीच्या हिशेबात कुठे धरला, हा प्रश्न तेथेच सुरू होतो.

झाड पाडणे हे बळाचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यातला पहिला भाग निरीक्षणाचा असतो. खोडाचा कल कुठे आहे, शेंड्याचा भार कोणत्या बाजूला जास्त आहे, वारा कुठून येतो, पडण्याच्या वाटेत दुसरे झाड किंवा खडक आहे का, हे आधी पाहावे लागते. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून आवाजावरून ते आतून पोकळ आहे का हे पारखतात. वणव्याने बुंध्याशी होरपळलेला जुना साग अनेकदा आतून कुजलेला निघतो. मग पाडायच्या दिशेला खोडाच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत खाच घेतात आणि विरुद्ध बाजूने, त्या खाचेच्या किंचित वरच्या पातळीवर, करवत चालवतात. दोन्ही कापांमध्ये न कापलेली लाकडाची पट्टी ठेवतात. झाड त्या पट्टीवर बिजागरीसारखे वळून ठरल्या दिशेला जाते. पट्टी जास्त कापली गेली तर झाड दिशा सोडते, कमी कापली तर खोड उभे चिरत वर फाटते आणि फाटलेला बुंधा मागे उसळतो. करवत अडकू नये म्हणून मागच्या कापात पाचर ठोकत जावे लागते. हे सर्व नीट झाले तरी वेली उरतात. जाड वेलींनी चार-पाच झाडांचे शेंडे एकमेकांत बांधलेले असतात. एक झाड पडताना शेजारच्याची वाळकी फांदी मोडून खाली येते, आणि वर पाहणारा माणूस कोणीच नसतो. वेली तोडीच्या पुष्कळ आधी कापून ठेवाव्यात, म्हणजे त्या वाळून सैल होतात, हे वनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. सर्वांत वाईट प्रसंग अडकलेल्या झाडाचा. कापलेले झाड शेजारच्या झाडात अडकून तिरके राहिले की ते कधी सुटेल याचा भरवसा नसतो. ज्या झाडात ते अडकले तेच कापण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि ती या कामातली सर्वांत घातक कृती आहे. सुरक्षित मार्ग म्हणजे दोर, बैलजोडी किंवा यंत्र आणून लांबून ओढून काढणे. त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. त्या अर्ध्या दिवसात घनमीटर काही वाढत नाहीत.

तोडीपेक्षा ओढणी अधिक कष्टाची असूनही तिच्याकडे कमी लक्ष जाते. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साडेसहाशे किलोंच्या आसपास असते. ताज्या तोडलेल्या सागात पाणी इतके असते की ते हजार किलोंजवळ जाते. ब्रह्मदेशात झाड पाडण्याआधी सुमारे तीन वर्षे बुंध्याशी सालीसकट गोल कडे कोरून त्याला उभ्या उभ्या वाळू देत, कारण हिरवा साग पाण्यावर तरंगत नाही आणि तेथे वाहतूक नदीने होई. (१८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा व्यापार याच पद्धतीवर उभा होता.) चंद्रपूर–गडचिरोलीत झाड हिरवेच पाडतात, त्यामुळे पाण्याचे वजनही माणसे आणि बैलच ओढतात. दीड मीटर गोलाईचा व चार मीटर लांबीचा ओंडका घेतला तर त्याचे खरे घनफळ सुमारे ०.७२ घनमीटर, म्हणजे ओले वजन सातशे किलोंच्या घरात. पण भारतात लाकडाची रूढ मोजणी ‘पाव गोलाई’च्या सूत्राने होते : मधल्या गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. त्या सूत्राने हाच ओंडका सुमारे ०.५६ घनमीटर भरतो. गोल ओंडक्याच्या कडा चिरकामात वाया जातात, म्हणून खरेदीदारासाठी हे सूत्र सोयीचे आहे. ओढणाऱ्या बैलाला आणि सब्बलीने ओंडका सरकवणाऱ्या माणसाला ती सोय लागू होत नाही. त्यांच्या वाट्याला पूर्ण वजन येते आणि कागदावर त्याच्या चार-पंचमांशाहूनही कमी चढते. दर ठरवताना हे गृहीत धरलेले असते, असे उत्तर यावर देता येईल. सपाट जमिनीवरच्या सरासरी ओंडक्यापुरते ते मान्यही करता येईल. पण ओढणीत सरासरी असे काही नसते. उतारावर ओंडका बैलांच्या मागच्या पायांवर धावून येतो, नाल्याच्या वाळूत रुततो, खुंटाला अडकून साखळी ताणतो; ताणलेली साखळी किंवा दोर तुटला तर त्याचा तडाखा हाड मोडू शकतो. आलापल्ली–सिरोंचा पट्ट्यात पूर्वी या कामाला हत्ती होते. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या काळाची खूण आहे. हत्ती ओंडका उचलून वळवू शकतो, बैलजोडी फक्त ओढू शकते, आणि हत्ती गेल्यावर ते वळवण्याचे काम पुन्हा माणसांच्या खांद्यांवर आले. ट्रॅक्टर जेथे पोचतो तेथे भार हलका झाला आहे. तो जेथे पोचत नाही ती जागा बहुधा सर्वांत चढ-उताराची असते.

या सगळ्यावर ऋतूची मर्यादा आहे. पावसाळ्यात जंगलातले कच्चे रस्ते बंद होतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास काम सुरू होऊन पुढच्या पावसाआधी माल डेपोत पोचलाच पाहिजे. तोड थंडीत उरकली तरी ओढणी व भराई उन्हाळ्यात रेंगाळते. चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, सागाची पाने गळून गेलेली असतात आणि सावली नावापुरतीच उरते. याच महिन्यांत मोहफुले पडतात आणि पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. माडिया, गोंड आणि इतर गावकऱ्यांच्या वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येतो. साहजिकच कुपावरची माणसे कमी होतात आणि उरलेल्यांवर मुदतीचा ताण वाढतो. पिण्याचे पाणी दूरवरून आणावे लागते, मुक्काम झोपड्यांत असतो, आणि गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक हिवतापाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. जखमी माणसाला कुपातून पक्क्या रस्त्यापर्यंत आणण्याची वाट तीच असते, जिच्यावरून ओंडके ओढले जातात. शहरात प्राणघातक ठरणार नाही अशी जखम येथे त्या अंतरामुळे ठरू शकते.

यावर पहिला आक्षेप असा की यंत्रे आली की प्रश्न सुटेल. त्याचे उत्तर अमेरिकेच्या आकडेवारीत आहे. लाकूडतोड सर्वाधिक यांत्रिक झालेल्या देशांपैकी तो एक आहे, तरी तेथे २०२२ मध्ये लाकूडतोड कामगारांचा मृत्युदर लाखामागे १००.७ होता, सर्व व्यवसायांचा मिळून तो ३.७ होता. यंत्राच्या बंद केबिनमध्ये बसलेला माणूस नक्कीच अधिक सुरक्षित असतो. पण चढाच्या, खडकाळ, मिश्र जंगलात असे यंत्र जात नाही, आणि निवडक झाडेच काढायची असतील तर ते नेऊन चालतही नाही. आपल्याकडे यंत्र म्हणजे बहुतेक वेळा हातातली साखळी-करवत. तिने कापण्याचा वेळ वाचतो. पण शंभर डेसिबलांवरचा आवाज झाडाची कुरकुर ऐकू देत नाही, कंपनांनी बोटांतले रक्ताभिसरण कायमचे बिघडू शकते, आणि दातेरी साखळीचे टोक लाकडावर आपटले तर करवत चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. दुसरा आक्षेप असा की हे लोक जंगलातच वाढले, त्यांना याची सवय आहे. त्यांचे कौशल्य खरे आहे आणि त्याचा आदरच केला पाहिजे. मात्र कौशल्य उपयोगी पडते ते थांबून पाहायला वेळ असेल तेव्हा. निष्णात माणसाचाही निर्णय घाईत अननुभवी माणसाच्या पातळीवर येतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कामावर मोजलेली मजुरी मजुराला स्वातंत्र्य देते, तो हवे तेव्हा येतो, जास्त काम करून जास्त मिळवतो, आणि रोजंदारीत हजेरी लावून दिवस काढण्याची प्रवृत्ती वाढते. ओंडके कापणे, साल काढणे, थप्पी लावणे अशा कामांना हे लागू पडते, कारण तेथे घाईची किंमत थोड्या वाया गेलेल्या लाकडात मोजता येते. पाडणी आणि ओढणीत घाईची किंमत शरीरात मोजावी लागते. एकाच दरपत्रकात ही दोन प्रकारची कामे एकाच एककाने मोजणे हाच मूळ दोष आहे.

मजुरीची पद्धत बदलली की काम बदलते, याला आधार इतिहासातच आहे. मुंबई प्रांतात १९३० च्या दशकाअखेरीस डी. सिमिंग्टन यांच्या अहवालाने आदिवासींची ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक सरकारी कागदांवर आणली. १९४५–४६ मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. त्यात वेठबिगारीबरोबरच जंगलकामाच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता आणि त्यासाठी मजुरांनी जंगलतोडीचे काम बंद ठेवले. बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. कूप ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच संस्थेला द्यायचे, ही त्यामागची कल्पना होती. ठेकेदार हटला हे मोठे यश होते. मात्र मोजणीचे एकक तेच राहिले. १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाल्यावरही ते बदलले नाही. वेगळा रस्ता दिसला तो बांबूत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि बांबू तोडणाऱ्यांची मजुरी गावाने स्वतः ठरवली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानल्यामुळे हे शक्य झाले. इमारती लाकूड त्या व्याख्येबाहेर आहे, म्हणून साग तोडणाऱ्याच्या हाती अजून दरपत्रकच येते.

दुरुस्ती अवघड नाही. पाडणी व ओढणीला रोजंदारीचा पाया देऊन ओंडके करण्याला व थप्पीला घनमीटरचा दर ठेवता येतो. पोकळ किंवा वेलींनी बांधलेले झाड हातोडा मारतानाच वेगळ्या खुणेने नोंदवून त्यासाठी जादा वेळ मंजूर करता येतो, कारण वनरक्षक त्या झाडापाशी तेव्हा उभाच असतो. ओढणीच्या दरात आज अंतर धरणे सोपे आहे, तसे चढ आणि नालाही धरता येतील; कुपाच्या नकाशात दोन्ही आधीच काढलेले असतात. याने लाकूड थोडे महाग होईल, हे खरे आहे. बल्लारशाच्या लिलावात सागाला मिळणारा भाव पाहता तेवढे ओझे खरेदीदाराने उचलणे रास्त आहे.