पीडित बालक आणि न्यायप्रक्रिया (भारत)

लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाचा तपास, साक्ष आणि पुनर्वसन यांतून होणारा प्रवास मुख्यतः दोन कायद्यांनी ठरतो : 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आलेला पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम) आणि 2015 चा बाल न्याय अधिनियम.

घडलेले पुन्हापुन्हा सांगावे लागणे हीच मुलासाठी नवी जखम असते. म्हणून जबाब घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही. प्रश्न न्यायाधीशांच्या तोंडून येतो. आरोपी नजरेस पडू नये म्हणून मध्ये पडदा असतो, मूल दमले तर कामकाज थांबते. साक्ष 30 दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि विसरू पाहणाऱ्या मुलाला सगळे पुन्हा आठवावे लागते. व्यवस्थेची ही सर्वांत क्लेशकारक उणीव होय.

पोलिसांनी 24 तासांत बाल न्याय अधिनियमाखालील बालकल्याण समितीला कळवणे बंधनकारक आहे. आरोपी घरातलाच असेल, तर समिती मुलाला बालगृहात ठेवू शकते. हेतू संरक्षणाचा, पण घर, शाळा, मित्रमैत्रिणी सुटतात त्या मुलाच्याच, आणि शिक्षा आपल्यालाच झाली असे त्याला वाटू शकते.

मुलाला मिळणारे संरक्षण कायद्याचा अर्थ कसा लावला जातो यावरही ठरते. त्वचेचा त्वचेला स्पर्श नसल्यास ते कृत्य पॉक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी 2021 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा मानला.