वखारीतला पाळणा

आमच्या गिरणीत एका खोलीवर पाटी आहे. 'पाळणाघर'. निळी पाटी, पांढरी अक्षरं. तपासणीचा साहेब येणार असला की आदल्या दिवशी ती ओल्या फडक्यानं पुसतात. आत कोनांची खोकी, फुटक्या बॉबिनांची पोती आणि एक मोडका पंखा. पाळणा नाही. पोर तर नाहीच. माझं पोर दोन वर्षांचं आहे. ते कागलात माझ्या आईपाशी असतं आणि मी रिंगफ्रेमवर तुटलेले धागे जोडत हिंडत असते.

एकदा रात्री सहज आईला विचारलं, तू कामाला जायचीस तेव्हा आम्हाला कुठं ठेवायचीस?

"कुठं ठिवणार? संगं न्यायची. निपाणीला, वखारीत. पोत्यावर निजवायची आन् तोंडावर पदर टाकायची. धूळ लई. तू आधी शिंकायचीस, मग निजायचीस."

त्या 'निजायचीस'वर मी अडकले. तंबाखूच्या धुरळ्यात दीड वर्षाचं पोर निजतं की गुंगतं? आईला हे विचारायचा धीर झाला नाही. पण तिथून मागं मागं वाचत गेले. गिरणीतली पोरगी इतिहास लिहायला बसली म्हणून कुणी हसणार असेल तर हसो. इतिहास लिहिणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींनी गिरण्या मोजल्या, चात्या मोजल्या, संप मोजले. पाळीच्या वेळेला बाईचं पोर कुठं होतं ते फार थोड्यांनी विचारलं.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. दहा तासांची पाळी. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी सरकारसाठी या बायकांची पाहणी केली. त्यात आढळलं ते असं, की जवळजवळ प्रत्येक गिरणीवालीच्या तान्ह्याला अफू दिली जाते. बाळगोळी. सकाळी गोळी चाटवायची, पोर गुंगीत पडून राहतं, आई संध्याकाळी येते. साहेबलोकांनी याला अडाणीपणा म्हटलं. मी नाही म्हणणार. दहा तास दूध नाही, बघायला माणूस नाही, खोलीत दहा माणसांचं बिऱ्हाड. त्या बाईकडं दुसरं काय होतं? पाळणाघर मालकानं बांधायचं राहिलं, ते तिनं गोळीत बांधलं. वखारीत तर गोळीचेही पैसे पडत नव्हते, हवाच पुरत होती.

आता २८ जुलै १९२८. मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी मांडलेलं प्रसूती लाभाचं बिल चर्चेला आलेलं. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे रजा आणि त्या रजेचे पैसे. विरोध करणारे म्हणत होते, धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेब उठले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आईला या काळात विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा हे मला मान्य आहे. पण मालक काही उद्योगांत बाई मुद्दाम लावतो, कारण पुरुषापेक्षा बाई लावण्यात त्याचा फायदा जास्त आहे. फायदा घेतोस तर खर्चातही काही वाटा तुझा.

भाषण मोठं नाही, पण मांडणी बघा. दया नाही, मातृत्वाची आरती नाही, हिशेब आहे. आणि हे बोलणाऱ्या बापाचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला होता. रमाईनं आणि त्यांनी चार लेकरं पुरली. कौन्सिलात त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मला मात्र त्या भाषणाची तारीख वाचली की आधी ती दोन वर्षं आठवतात.

१९२९ साली कायदा झाला. दिवसाला आठ आणे. आपल्या सभांतून हे सांगितलं जातं, टाळ्या पडतात, आणि भाषण पुढच्या मुद्द्यावर जातं. पण तो कायदा कागलच्या बाईला मिळाला का?

नाही. कागल ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर. मुंबई इलाख्याचा कायदा इथं आपोआप लागू होत नव्हता. दूधगंगा ओलांडून वीसेक किलोमीटर गेलं की निपाणी, ती ब्रिटिश बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे कायद्याची हद्द आमच्या वेशीबाहेरून गेली. तिकडच्या बाईलाही ती 'फॅक्टरी'त असेल तरच. शेतात भांगलणारीला, मालकाच्या गोठ्यात शेण काढणारीला, वतनाच्या कामापायी गावची घाण उपसणारीला कुठलाच कायदा 'कामगार' म्हणत नव्हता. शाहू महाराज याच कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी १९१८ साली महार वतनं मोडून जमिनी रयताव्यानं दिल्या, तेव्हा पुरुषाची बेठबिगार सुटायला वाट झाली. बाईची बेठबिगार निम्मी घरात होती. ती कुठल्याच हुकुमात नाही.

याच कागल जहागिरीतलं माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२० ची परिषद, बाबासाहेब अध्यक्ष, शाहू महाराज समोर. पुढं १९२५ च्या एप्रिलात निपाणीला बहिष्कृतांची परिषद झाली, तिथंही अध्यक्ष बाबासाहेबच. आपण पोरं दरवर्षी माणगावला जातो, फोटो काढतो. मला तिथं गेलं की वेगळाच प्रश्न पडतो. त्या दोन दिवसांत मांडवाबाहेर, गावागावांत, लेकरं कुणी सांभाळली? भाकरी कुणी थापल्या? १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं, चळवळीतल्या बायकांना शोधून त्यांच्या तोंडून ऐकून. तोवर ही बाजू कुणाच्या कागदावरच नव्हती. आणि आजही शिबिराला आलेल्या एकाही पुरुष कार्यकर्त्याला 'पोर कुणाकडं ठेवून आलास?' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. मला मात्र चहाच्या आधी विचारतात.

बरं, कायद्याचं पुढं काय झालं? मालक हुशार. बाळंतपणाचे पैसे त्याच्याच खिशातून जाणार म्हटल्यावर त्यानं बायाच कमी करायला घेतल्या. तेवढंच एक कारण नव्हतं. रात्रपाळीला बाईला बंदी, नवी यंत्रं, हेही होतं. पण गिरणगावातली बाई वर्षावर्षानं कमी होत गेली. म्हणून १९२८ च्या भाषणातला 'सरकारनं उचलावं' हा अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. एकट्या मालकावर ठेवलं तर तो बाईच टाळतो. बोजा सगळ्यांत वाटला तर टाळायचं कारण उरत नाही.

हा अर्धा भाग बाबासाहेब विसरले नव्हते. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच दिवसांत, २० जुलैला, नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना हक्काची रजा द्या, बायांवर देखरेखीला बाईच नेमा, असे ठराव तिथं झाले. विडी कारखाना हा शब्द १९४२ सालच्या ठरावात वाचून मला निपाणीच दिसली. पुढं बाबासाहेबांच्या खात्यानं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला १९४३ मध्ये प्रा. अडारकरांना नेमलं. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. बाळंतपणाचे पैसे एका मालकाच्या हातून नव्हे, विम्याच्या गंगाजळीतून.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. १९४३ साली, युद्धात कोळसा कमी पडला म्हणून, बायांना खाणीत जमिनीखाली उतरवायची बंदी सरकारनं उठवली. मजूरमंत्री बाबासाहेबच. असेंब्लीत टीका झाली, तेव्हा युद्धाची निकड आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी, असं उत्तर त्यांनी दिलं. बंदी परत आली १९४६ ला. मधल्या काळात जमिनीखालच्या बायांसाठी प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा केली, खाणींवर पाळणाघरं ठेवायचे नियमही केले, हे खरं. तरी त्या तीन वर्षांत पोटुशी बाई अंधारात उतरली, हेही खरं. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांनी दोन्ही लिहावं. हिशेबाला न भ्यायचं त्यांच्याकडूनच शिकलोय.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं सांगितलं, पन्नासपेक्षा जास्त बाया असतील तिथं सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी खोली हवी. १९७६ ला पन्नासाचे तीस केले. मग हजेरीपटावर बाया किती? एकोणतीस. उरलेल्या ठेकेदाराच्या वहीत. ही वजाबाकी शिकायला शाळा लागत नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी विड्या वळणारीलाही बाळंतपणाचा लाभ लिहिला होता. पण विडी वळणारीला मालक कोण हेच धड ठाऊक नसतं. तिला ठाऊक असतो पानं देणारा.

आमची आज्जी निपाणीला जायची ती असल्या कायद्याचं नावही न ऐकता. पाला झोडायचा, चाळायचा, काडी वेगळी करायची. खोकला पगारात धरलेला. मग सुभाष जोशींच्या पुढाकारानं तिथल्या बायांची संघटना उभी राहिली. आज्जी म्हणायची, "पयल्यांदा मुकादमाकडं वर बघून बोललो." १९८२ साली 'युगांतर' या गटानं त्या बायांवर सिनेमा काढला, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. नाव वाचूनच आज्जीची वखार आठवते. त्या लढ्यानं मजुरी वाढली, शिव्या कमी झाल्या. पण आई तिथं लागली तेव्हाही तिच्या वखारीत पोरांची जागा पोत्यावरच होती. मजुरीसाठी सगळ्या भांडल्या. पोरासाठी जिची तिनं सोय बघितली, कारण पोर हे 'घरचं' काम आणि घरचं काम मोर्चाच्या मागणीपत्रात शेवटून दुसरं.

२०१७ ला रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली. पन्नास कामगार असतील तिथं पाळणाघर, आणि मोजताना बायाच नव्हे, सगळे कामगार मोजायचे. ही शहाणी दुरुस्ती, एकोणतिसाचा खेळ निदान कागदावर मोडला. आता हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून.

माझं बाळंतपण झालं तेव्हा मी ठेकेदाराच्या वहीत होते. सातव्या महिन्यात ठेकेदार बदलला. सगळ्यांची नावं नव्या वहीत उतरली, माझं राहिलं. विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्ही मोकळ्या झाल्यावर या." सव्वीस आठवडे कायद्यात होते, मी वहीतच नव्हते. पोर चार महिन्यांचं झालं आणि मी पुन्हा नवी म्हणून लागले.

आई आता वखारीला जात नाही. दम लागतो. ती माझं पोर सांभाळते, म्हणजे आमच्या गिरणीचं पाळणाघर तीच चालवते, बिनपगारी. परवा पोराला पाठीवर घेऊन ती दारात उभी होती, मी दुपारपाळीला निघालेली. पोर रडत होतं. आई म्हणाली, "जा तू. निजंल त्यो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हितं धूळ न्हाई."

दोस्तांनो, कागल, मुरगूड, निपाणी, कोगनोळी या पट्ट्यात ज्यांच्या आया, आज्ज्या, चुलत्या वखारीला, विडीला, गिरणीला गेल्या, त्यांनी त्यांना विचारून लिहून पाठवा : काम कुठं, साल साधारण कोणतं, पोर कुठं ठेवलं होतं. कागद कसलाही चालेल. नावं छापणार नाही. पुढच्या अंकाची स्टेन्सिल महिनाअखेरीला कापायची आहे.